एनएसएसला नाव द्यावं का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न (आणि माझी लांबलचक उत्तरं)

कॉलेजच्या ॲडमिशन झाल्या की जुलै-ऑगस्टमधे मला तेच तेच फोन येतात. सोसायटीतल्या काकू, मावसबहीण, ऑफिसमधला एकजण ज्याचा मुलगा यंदा एफवायला गेलाय. सगळ्यांचा प्रश्न फिरून एकच असतो, की आमचं पोर बुजरं आहे, त्याला एनएसएसमधे टाकलं तर काही फरक पडेल का. मी कॉमर्सची, दोन वर्षं स्वयंसेवक होते, दुसऱ्या वर्षी गटप्रमुख, आता अकाउंट्सची नोकरी करते आणि दर हिवाळ्यात सुट्टी टाकून दोन दिवस शिबिरात जाऊन येते, तिथे मला सगळे ताई म्हणतात. तेच तेच बोलून घसा दुखला म्हणून एकदाच लिहून ठेवतेय.

एनएसएस म्हणजे नक्की काय असतं?

राष्ट्रीय सेवा योजना, सरकारी कागदावर रासेयो. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत सुरू केली, पहिल्या झटक्यात ४० हजार विद्यार्थी होते. आता ती केंद्राच्या युवा आणि क्रीडा खात्याकडे आहे. हिशोब साधा आहे, वर्षाला १२० तास असं दोन वर्षांत २४० तास काम, आणि वर भर म्हणून दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. बॅजवरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं आहे, आठ आरे म्हणजे दिवसाचे चोवीस तास. हे मुलाखतीत हमखास विचारतात म्हणून सांगितलं, नाहीतर दोन वर्षं तो बॅज छातीवर लावून फिरलेल्या कित्येकांना माहीत नसतं.

एनसीसी आणि यात फरक काय, दोन्ही सारखंच ना?

नाही. एनसीसी १९४८ पासूनची, संरक्षण खात्याची, तिथे युनिफॉर्म, ड्रिल, ए-बी-सी सर्टिफिकेट. इथे टिकाव, खराटा आणि सर्वेचा फॉर्म. एनसीसीवाले चिडतील पण माझ्या मते खरा फरक असा की तिथे हुकूम नीट पाळायला शिकवतात आणि इथे बऱ्याचदा हुकूम द्यायला कुणी जागेवरच नसतं, सर गेलेले असतात सरपंचांकडे आणि तुम्ही पंचवीस जण माळावर उभे, आता काय करायचं ते तुम्हीच ठरवा. ज्याला जे हवंय त्याने ते घ्यावं.

खड्डे खणून आत्मविश्वास कसा काय येतो? खरं सांगा.

खड्डे खणून येत नाही. खड्डे खणून फोड येतात.

माझंच सांगते. आमचं शिबिर माण तालुक्यातल्या एका गावात होतं, सातारा जिल्ह्याचा दुष्काळी भाग, डोंगराला सलग समतल चर काढायचे होते, ज्याला सगळे सीसीटी म्हणतात. उतारावरून पळणारं पाणी त्या चरात अडतं, मुरतं, माती धुपत नाही. पण तो चर एका पातळीतच पाहिजे, नाहीतर पाणी एका टोकाला जमा होऊन तिथूनच फुटून खाली जातं आणि अडवण्याऐवजी आपणच पाण्याला वाट करून दिल्यासारखं होतं. पातळी बघायला ए-फ्रेम असते, तीन काठ्या इंग्रजी ए सारख्या बांधायच्या, शेंड्यावरून दोरा सोडायचा, दोऱ्याला दगड, आणि आडव्या काठीवर मधोमध खूण. दोरा खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत, तिथे खुंटी मारायची, एक पाय तसाच ठेवून दुसरा फिरवायचा, पुढची खुंटी. मग खुंट्यांवरून फक्की टाकून रेघ.

तिसऱ्या दिवशी सर म्हणाले उद्याची लाइन तुमचा गट मारेल. आम्ही मारली, जवळजवळ चाळीस मीटर, मुलांनी खणायला पण घेतलं, आणि एक आजोबा शेळ्या घेऊन वरून येत होते ते थांबले, थोडा वेळ नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "पोरींनो, हे पाणी त्या बाभळीकडं पळून जाणार की गं." आम्हाला वाटलं यांना काय कळतंय. मग नळीत पाणी भरून बघितलं तर आजोबा बरोबर. चूक माझी होती. आडव्या काठीवरची खूण करताना फ्रेम एकदा उभी करून दोरा कुठे येतो ते बघायचं, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा बघायचं, आणि दोन खुणांच्या मधे खरी खूण करायची असते. मी अदलाबदल केलीच नव्हती, घाई.

दुपारचा एक वाजलेला, सगळे भुकेले, आणि मला पंचवीस जणांना सांगायचं होतं की माझ्यामुळे हे बुजवा आणि पुन्हा करा. पाय लटपटत होते अक्षरशः. सांगितलं. दोघंतिघं वैतागले, एकजण स्पष्ट शिवी हासडून घमेलं आपटून गेला, आणि बाकीच्यांनी बुजवायला घेतलं. संध्याकाळी नवी लाइन पूर्ण झाली तेव्हा तो घमेलंवाला पण परत आला होता. तोपर्यंत मला वर्गात "प्रेझेंट सर" म्हणताना घाम फुटायचा. त्या दिवसानंतर फुटला नाही असं काही नाही, फुटतोच, पण आता घाम फुटला तरी बोलता येतं हे कळलं.

अल्बर्ट बँडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली यावर मांडणी केली होती, की आपल्याला एखादी गोष्ट जमेल हा भरवसा चार वाटांनी येतो. स्वतः करून बघितल्यावर, आपल्यासारख्याच कुणाला करताना बघितल्यावर, विश्वासातल्या माणसाने "जमेल तुला" म्हटल्यावर, आणि अंगातली धडधड आपल्याला कशी वाटते त्यावरून. यात स्वतः केलेलं सगळ्यात जड. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या लेक्चरमधे तिसरी वाट असते फक्त, शिबिरात चारी असतात आणि त्याही एकाच दुपारी.

माझा मुलगा घरातसुद्धा बोलत नाही हो, तिथे कसा टिकेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारी बहुतेक आईच असते.

एका वर्षी असाच एक मुलगा होता, त्याचं नाव सुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. सरांनी त्याला कोठी दिली. म्हणजे शाळेच्या एका खोलीत तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, तिखट-मीठ, बटाटे ठेवलेले, सकाळी स्वयंपाकाच्या मावशी मागतील ते मोजून द्यायचं आणि वहीत लिहायचं. बोलायचं कामच नाही, म्हणून तो खूश. तिसऱ्या दिवशी रात्री आढावा सभा चालू होती, रोज रात्री गोल बसून दिवसभरात काय झालं ते बोलतात, आणि हा उठला. साठ जणांसमोर. म्हणाला, "तेल उद्या दुपारपर्यंतच पुरेल." बसला.

एवढंच. पण सगळे गप्प झाले, सरांनी वही मागितली, बघितली, दोन पोरं लगेच मोटरसायकलवर तालुक्याला गेली. साठ माणसांचं जेवण त्याच्या एका वाक्यावर हललं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एनएसएसची एक ठेक्यातली टाळी असते आणि ती आम्ही ऊठसूट वाजवत असतो, चहा चांगला झाला तरी, पण तेव्हा नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जो तो त्याच्याकडे जाऊन विचारायला लागला, अरे साखर किती आहे, अरे उद्या पोहे होतील का.

तो आजही फार बोलत नाही. तो भाषण ठोकायला लागला असं मी सांगावं असं त्याच्या आईला वाटत असेल तर सॉरी. पण तो आता गप्प बसतो तेव्हा घाबरून गप्प बसत नाही, आणि हा फरक आईला कळतोच.

मला स्टेजची भीती वाटते, पथनाट्यात जबरदस्ती उभं करतात का?

करू नये, पण कधीकधी करतात. तुम्ही आधी डफ मागा, किंवा मागे उभं राहून घोषणा. पथनाट्यात गोलाच्या बाहेरून गावातली लहान पोरं काहीतरी ओरडतातच, मधेच कुत्रं येतं, कुणाचा संवाद विसरतो आणि दुसरा सावरून घेतो, त्यामुळे चुकणं एवढं कॉमन असतं की त्याची लाज उरत नाही. स्टेजवर असं नसतं, तिथे लाइट असतो आणि सगळे तुमच्याकडेच बघत असतात. म्हणून सुरुवात करायला चावडीसमोरची जागा बरी.

सर्वे करायला अनोळखी घरात जायचं म्हणजे फार ऑकवर्ड नाही का होत?

होतं ना. माझं पहिलं घर सांगते. हातात पॅड, त्यावर फॉर्म, मी दारातूनच बातम्या दिल्यासारखं वाचायला लागले, कुटुंबप्रमुखाचं नाव, एकूण सदस्य, घरात शौचालय आहे का. आतल्या आजी चुलीसमोरून उठल्या पण नाहीत. "आधी आत ये, बस. च्या घेतीस का?" मी म्हटलं नको, वेळ नाही. "मग मला बी न्हाय." तिथेच माझा पहिला सर्वे संपला असता, पण बसले, चहा घेतला, त्यांनी माझं गाव, आडनाव, वडील काय करतात, लग्न कधी, सगळं विचारून घेतलं, म्हणजे खरा सर्वे त्यांनीच केला. मग शौचालयाचं विचारलं तर म्हणाल्या, "हाय की. पर पाणी कुठंय?" फॉर्मवर त्याला रकानाच नव्हता. मी समासात लिहून आणलं, आणि रात्री आढाव्यात सांगितलं तर अजून सहाजणांनी पण तेच समासात लिहिलेलं निघालं. शेवटच्या दिवशी ग्रामपंचायतीला जो कागद दिला त्यात तो मुद्दा पहिला होता.

दहाव्या घरापर्यंत माझी पद्धत बदलली होती, फॉर्म पिशवीत, आधी गप्पा. आता ऑफिसात क्लायंटकडे थकलेलं बिल मागायला जाते तेव्हा हीच पद्धत वापरते, मला कुणी शिकवलेली नाही.

मुलीला सात दिवस बाहेर राहायला पाठवणं सेफ आहे का?

विचारायलाच पाहिजे, आणि लाजू नका. मुक्काम कुठे आहे, मुलींची खोली वेगळी आहे का, कडी आतून लागते का, मुलींचं स्वच्छतागृह किती लांब आहे आणि रात्री तिथे लाइट असतो का, मॅडम पूर्ण सात दिवस मुक्कामी आहेत की दिवसा येऊन संध्याकाळी घरी जातात. हे शेवटचं नक्की विचारा. ज्या कॉलेजला या प्रश्नांचा राग येतो तिथे पाठवू नका, सरळ. जिथे सर म्हणतात "या, आधी एकदा गाव बघून जा", तिथे काळजी अर्धी कमी.

माझ्या बाबांनी मला पहिल्या वर्षी पाठवलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी ते स्वतः एसटीने येऊन शाळा बघून गेले, मुख्याध्यापकांशी बोलले, आणि मला न भेटताच परत गेले. मला दोन महिन्यांनी कळलं.

अभ्यासाचं नुकसान होतं का? मार्कांचं काय?

१२० तास वर्षभरात विभागले तर आठवड्याला दोन-अडीच तास होतात, मोबाइलवर त्याहून जास्त जातात. शिबिर शक्यतो दिवाळीनंतर किंवा डिसेंबर-जानेवारीत असतं, तेव्हा तुमच्या सबमिशन कधी आहेत ते आधी बघा. मुंबई विद्यापीठात एनएसएसच्या दहा ग्रेस मार्कांसाठी कितीतरी जण यायचे आणि त्यात काही चूक नाही. आता नवीन शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाच्या क्रेडिटमधे एनएसएस धरलंय, तुमच्याकडे नियम कसा लावलाय ते कॉलेजच्या ऑफिसातच विचारा. मार्कांसाठी आलेली पोरं पण सहाव्या दिवशी कामात बुडालेली असतात, मी बघितलंय, त्यामुळे कशासाठी आलात यावर मी तरी कुणाला नावं ठेवत नाही.

आमच्याकडे फक्त बॅनर धरून फोटो काढतात, त्याने काय होणार?

काही होणार नाही. उलट नुकसान होतं.

एका कॉलेजात, नाव नको, मी पाहुणी म्हणून गेले होते वृक्षारोपणाला. खड्डा तयार, रोप तयार, पाहुण्यांनी माती लोटली, फोटो, चहा, समोसा. सहज विचारलं गेल्या वर्षीची झाडं कुठेत, तर एक पोरगा हसून म्हणाला, "ताई, हाच खड्डा." बाकीचे पण हसले. वाईट मला त्या हसण्याचं वाटलं, कारण त्या पोरांना बरोबर समजलं होतं की आपल्या हातून काही व्हावं अशी इथे कुणाची अपेक्षाच नाही, आपण मागे उभं राहायचं आणि रजिस्टरवर तास मिळवायचे. कुणी आपली वाट बघतंय, आपण नाही केलं तर ते काम राहील, हे नसेल तर १२० काय आणि १२०० तास काय. माझं मत विचाराल तर लाजऱ्या मुलाला बळ येतं ते यातूनच, कुणीतरी खरोखर त्याच्यावर अवलंबून असल्याने.

तुमच्या युनिटमधे असंच चालत असेल तर तीन-चार जण मिळून सरांकडे जा आणि एकच काम मागा जे वर्षभर तुमचंच राहील. जवळच्या पालिका शाळेत दर शनिवारी एक तास वाचन, किंवा गेल्या वर्षीच्या झाडांना पाणी. बहुतेक सर नाही म्हणत नाहीत, त्यांच्यावर पण अहवालाचं प्रेशर असतं. तरीही नाही जमलं तर बाहेर बघा, आनंदवनवाल्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात असते, बाबा आमटेंनी सुरू केलेली, तिथे उन्हात घाम गाळून आलेले लोक अजून तिच्या गोष्टी सांगतात.

रक्तदान करावंच लागतं का?

नाही. १८ वर्षं पूर्ण, वजन कमीत कमी ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ असेल तरच घेतात. नाकारलं तर वाईट वाटून घेऊ नका, नोंदणीच्या टेबलावर बसा, तिथे माणसं कमीच असतात.

प्रत्येकाचाच कॉन्फिडन्स वाढतो का?

नाही. काहींचा जेवढा होता तेवढाच राहतो. काहींचा नको तेवढा वाढतो, गटप्रमुखाचा बिल्ला मिळाला की ज्युनियरना "ए, तू, पाणी आण" सुरू होतं. माझ्याही अंगात ते एक महिना आलं होतं, मग एका मैत्रिणीने भांडी घासताना सुनावलं. घरून पैशाची ओढाताण असलेली मुलं सुट्टीत कामाला जातात, त्यांना शिबिराला येताच येत नाही, आणि ज्यांना घरचं सगळं करावं लागतं अशा पोरी आधीच इतक्या खंबीर असतात की आपण त्यांना काय आत्मविश्वास देणार, त्याच आपल्याला भाकरी थापायला शिकवतात.

मी नवीन कार्यक्रम अधिकारी झालोय, पोरं पुढेच येत नाहीत, काय करू?

सर, रागावू नका पण तुम्ही थोडं मागे व्हा. पुढे यायला जागा लागते. पाहुण्यांचं स्वागत, आभार, सूत्रसंचालन हे बोलक्या पोरांना आपोआप मिळतं, गप्प मुलांना अशी कामं द्या ज्यांची माहिती फक्त त्यांच्याकडेच असेल, कोठीची वही, हत्यारांची मोजदाद, औषधांची पेटी, जमाखर्च. मग दुसऱ्यांना त्यांच्याकडे जावंच लागतं. आणि काही चुकलं तर लगेच धावून जाऊन दुरुस्त करू नका, अंगावर बेतणारं नसेल तर अर्धा तास थांबा. आमच्या सरांना ती ए-फ्रेम चुकलेली लांबून दिसली होती म्हणे, हे त्यांनी मला पाच वर्षांनी सांगितलं, आणि मी त्यांच्यावर दोन दिवस खरंच चिडले होते.

दिल्लीच्या परेडला जायला मिळतं का?

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी एनएसएसचं पथक असतं, जानेवारीत दिल्लीला शिबिर होतं. आधी कॉलेज, मग विद्यापीठ, मग निवड शिबिर अशा चाळण्या लागतात. चालणं, उंची, सांस्कृतिक कार्यक्रम, मुलाखत सगळं बघतात. प्रयत्न जरूर करा, फक्त तेवढ्यासाठी येऊ नका, देशभरातून फार थोड्यांची वर्णी लागते.

शिबिराला काय काय न्यायचं?

ताट, वाटी, पेला, चमचा, आणि सगळ्यावर नेलपेंटने नाव. सतरंजी, जाड चादर, कानटोपी, माळावरची थंडी शहरातल्यांना माहीत नसते. बूट जुने आणा पण तुटके नको. टोपी, सुती हातरुमाल दोन, टिकाव धरताना तळव्याला गुंडाळायला. नेहमीची औषधं आणि त्याची चिठ्ठी मॅडमकडे. टॉर्च आणा, मोबाइलच्या टॉर्चवर राहू नका, शाळेत चार्जिंगचे पॉइंट दोन आणि पोरं साठ असतात. महागाचं काही नको. आणि घरून लाडू-चिवडा आणाल तो पहिल्याच रात्री संपतो, लपवून ठेवला तरी, त्यामुळे आईला सांगा डबा मोठा दे.